पेव, दिंडा, भारंगी: उंच वाढणारी देशी झाडं आणि त्यांची सोबत

बागकामाच्या परदेशी व्हिडिओंमध्ये बहुवर्षायू झाडांचा वाफा दाखवतात तेव्हा सगळा हिशोब थंडीचा असतो. बर्फ पडला की झाडं जमिनीखाली जातात आणि वसंतात वर येतात. आपल्याकडे हे वेळापत्रक चालत नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात वाढणारी बरीचशी उंच कंदाची झाडं हिवाळ्यात वाळतात, सगळा उन्हाळा मातीखाली काढतात आणि वळवाच्या सरींनी जागी होतात. जून ते ऑक्टोबर एवढाच त्यांचा संसार. म्हणून त्यांच्याजवळ काय लावायचं हे ठरवताना रंगसंगतीचा विचार शेवटी करायचा. कोण कधी उठतं, कोण कधी झोपतं आणि कोणाला झोपेत पाणी चालत नाही, हे आधी बघायचं. नव्या माणसाचा वाफा बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

हा लेख जमिनीत लावणाऱ्यांसाठी आहे. बंगल्याभोवतीची पट्टी, सोसायटीचा कोपरा, गावच्या घराची परसबाग, काहीही चालेल. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद जागा असली तरी पुरे.

आधी उंच झाडं ठरवा

नवशिक्यानं सुरुवात पेवापासून करावी. सह्याद्रीत पावसाळ्यात ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, झाडीच्या सावलीत हे सहज दिसतं. माणसाच्या उंचीचं होतं, चांगल्या जागी सात-आठ फुटांपर्यंतही जातं. खोडावर पानं समोरासमोर लागत नाहीत, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोडाला वळसे घेत वर चढतात. पानाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं तर मऊ लव लागते. शेंड्याला तांबड्या खवल्यांचं कणीस येतं आणि त्यातून रोज एखाद-दोन पांढरी फुलं बाहेर पडतात. पाकळी चुरगळलेल्या तलम कापडाची वाटते, घशाशी पिवळी छटा असते. फूल एका दिवसाचं असलं तरी कणसाचा तांबडा रंग कित्येक आठवडे टिकतो. त्या कणसावर मुंग्यांची ये-जा दिसेल. घाबरून औषध मारू नका. खवल्यांवर गोड रस सुटतो, त्यासाठी त्या येतात आणि झाडाला त्यांचा काही त्रास होत नाही.

पेव हट्टी नाही. अर्धवट सावलीत वाढतं, कंदाच्या तुकड्यापासून येतं, खोडाच्या कांडीपासूनही येतं. पावसाळ्यात चार दिवस मुळाशी ओल साचली तरी लगेच मान टाकत नाही.

दुसरी भारंगी. ही अर्धवट झुडूप, अर्धवट कंदझाड. जमिनीखाली लाकडासारखा जाड गड्डा असतो आणि त्यातून दरवर्षी नवे सरळ फुटवे येतात, चार ते सात फुटांचे. फुलं निळसर. चार पाकळ्या फिक्या आणि खालची एक गडद जांभळी, त्यामुळे लांबून ती एकच पाकळी नजरेत भरते. मोठे काळे भुंगे या फुलांवर हमखास येतात. कोकणात भारंगीच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. पाला कडू असतो, म्हणून आधी उकडून पाणी पिळून टाकतात. भारंगीला पेवापेक्षा ऊन जास्त लागतं आणि पाणी कमी.

तिसरा दिंडा. या नावानं एकाच कुळातल्या दोन-तीन जाती ओळखल्या जातात. आपल्याला हवा तो मोठ्या पानाचा, ज्याचं एकेक पान दोन फुटांपर्यंत जातं. आंबा, फणस असल्या झाडाखालच्या सावलीत दुसरं काही नीट येत नसेल तर तिथे दिंडा लावा. रायगड-ठाण्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला याच्या कोवळ्या कोंबांची भाजी बाजारात येते. फुलं बारीक, पांढरट. ती नसती आली तरी चाललं असतं, हे झाड पानांसाठीच लावायचं.

चौथा वाळा. हे गवत, पण पाच-सहा फूट उंच होणारं आणि मुळं सरळ खोल नेणारं. देशावरच्या काळ्या मातीत, उघड्या वाऱ्यावर, जिथे पेव कुढत राहील तिथे वाळा टिकतो.

कारवी आणि चवई मात्र पहिल्या वर्षी नकोत. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून झाली की मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, नंतर २०२४ मध्ये. डोंगरउतारावर हे वैभव आहे, चार फुटांच्या वाफ्यात नुसती वाट बघणं. चवई म्हणजे कातळावरची रानकेळ. तिला साध्या केळीसारखी पिल्लं येत नाहीत, फक्त बियांपासून रोप होतं आणि एकदा घड धरला की तीही जाते. दोन्ही झाडं सुंदर आहेत, पण सराव झाल्यावरची.

रोपं कुठून आणायची

जंगलातून नाही. राखीव वनातून कंद खणून आणणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात त्यावर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. कायदा बाजूला ठेवला तरी पावसाळ्यात ट्रेकला जाऊन फुललेलं झाड उपटून आणलं तर ते जगत नाही. फुलावर असलेल्या कंदात साठा उरलेलाच नसतो.

वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका, औषधी वनस्पतींच्या रोपवाटिका आणि गावाकडचं परस, हे तीन चांगले मार्ग. कोकणात कोणाच्या तरी विहिरीकाठी पेवाचं बेट असतंच आणि मागितलं तर एक गड्डा कोणी नाही म्हणत नाही. एप्रिल-मे हा मागायचा काळ. तेव्हा कंद झोपलेला असतो, पिशवीत घालून प्रवासात आठवडाभर राहिला तरी बिघडत नाही.

नर्सरीत एक घोटाळा हमखास होतो. पेव मागितलं की इन्शुलिनचं झाड हातात ठेवतात. तेही त्याच कुळातलं आणि पानांचा वळसाही तसाच, म्हणून विकणाऱ्यालाही फरक कळत नाही. पण ते दक्षिण अमेरिकेतलं आहे, दोन-अडीच फुटांच्या वर फारसं जात नाही आणि फूल नारिंगी येतं. फूल नसेल तर पान उलटून बघा. पेवाच्या पानामागची लव त्याला नसते. हेलिकोनिया आणि कर्दळही ‘अशाच प्रकारचं’ म्हणून गळ्यात मारतात. झाडं वाईट नाहीत, पण ती अमेरिका खंडातली. कर्दळ शिवाय इतकी पसरते की शेजारच्या नाजूक कंदांना जागा उरत नाही.

जागा आणि दिशा

‘उंच झाडं उत्तरेला लावा, म्हणजे बुटक्यांवर सावली पडणार नाही’ हा सल्ला बहुतेक पुस्तकांत सापडतो. थंड देशांत तो बरोबर आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेलाच असतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो या दोन टोकांना येतो. म्हणजे आपली झाडं ज्या महिन्यांत झपाट्यानं वाढतात, त्या महिन्यांत उत्तर-दक्षिणेनं फारसा फरकच पडत नाही. त्यातून आकाश ढगाळलेलं.

आपल्याकडे बघायचा तो वारा. पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. सहा फुटी पेव ओलं असताना त्या वाऱ्याच्या तोंडी सापडलं की आडवं होतं. त्यामुळे वाफ्याच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला आडोसा हवा. कंपाउंडची भिंत, अडुळशाची रांग, वाळ्याची दाट ओळ, काहीही चालेल. फक्त वाळा पेवापासून तीन फूट तरी लांब ठेवा. त्याची मुळं ओल ओढून घेतात आणि पुढे तो उपटणं हे पहारीचं काम होतं.

उजेड चारही बाजूंनी येत असेल तर उत्तम. भिंतीला अगदी चिकटून लावलेलं पेव उजेडाकडे झुकतं आणि ऑगस्टमध्ये सगळी खोडं एकाच बाजूला कललेली दिसतात. भिंतीपासून दीड फूट सोडा. पेवाला सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली हे प्रमाण मानवतं. भारंगीला अर्धा दिवस ऊन द्या. दिंड्याला झाडाखालची कवडशांची सावली.

माती आणि लावणी

कोकणातली लाल जांभ्याची माती पाणी धरत नाही, म्हणून तिथे कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरपूर घाला. एका चौरस मीटरला दोन घमेली जास्त नाहीत. देशावर काळी माती असेल तर अडचण उलटी. ती पाणी सोडत नाही आणि कंद कुजतो. तिथे जमिनीच्या पातळीवर लावूच नका. आठ-दहा इंच उंच गादीवाफा करा, त्यात शेणखताबरोबर जाडी वाळू किंवा मुरूम मिसळा. पुणे-नाशिककडच्या लोकांनी पेवाला दुपारची सावली नक्की द्यावी आणि पावसात खंड पडला तर पाणी घालावं. कोकणात पाऊसच ते बघतो.

वाफा मेमध्ये तयार करून ठेवा. मान्सून मुंबईत साधारण ११ जूनच्या आसपास येतो, तळकोकणात त्याआधी. पहिल्या दोन-तीन चांगल्या सरी पडू द्या, मग वाफसा येईपर्यंत थांबा. मूठभर माती दाबून गोळा केला आणि तो बोटानं टोचल्यावर फुटला, तर वाफसा आहे. चिखलात लावणी करायची घाई करू नका. चिखल पुढे घट्ट बसतो आणि कोंबाला वर यायला जड जातं.

पेवाच्या कंदाचा तुकडा वीतभर असावा आणि त्यावर दोन तरी डोळे हवेत. कापलेल्या बाजूला राख चोळून एक दिवस सावलीत सुकवा. तीन-चार इंच खोल, आडवा, डोळे वर करून ठेवा. दोन कंदांत अडीच फूट अंतर. पहिल्या वर्षी हे अंतर उजाड वाटेल, तरी कमी करू नका. तिसऱ्या वर्षी तिथे हात घालायला जागा राहणार नाही.

भारंगीचं रोप पिशवीतलं घ्या आणि पिशवीत होतं तेवढंच खोल लावा, खोडाला माती चढवू नका. दिंड्याचा कंद किंवा रोप, जे मिळेल ते, पण जागा एकदाच नीट ठरवा, त्याला हलवणं आवडत नाही.

खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड टाका आणि तेवढ्यावर थांबा. युरिया नको. युरियानं पेव भराभर वाढतं, खोड भुसभुशीत होतं आणि पहिल्या वादळात मोडतं.

सोबती निवडताना

उंच झाडांच्या वाफ्यात सोबत्यांना तीन वेगवेगळी कामं असतात. खालची उघडी माती झाकणं, उभ्या खोडांचा आधार घेऊन वर चढणं आणि उंच मंडळी झोपल्यावर वाफा ओस पडू न देणं. एकच झाड तिन्ही कामं करत नाही.

माती झाकायला पहिली रानहळद. पश्चिम घाटात जुलैपासून फुलते. दीड-दोन फूट उंच, रुंद पानं, वर गुलाबी तुरा आणि त्याच्या खाली खवल्यांतून डोकावणारी पिवळी फुलं. तिचं वेळापत्रक पेवाशी तंतोतंत जुळतं. दोघं बरोबर उठतात, बरोबर झोपतात, दोघांनाही उन्हाळ्यात पाणी नको. म्हणून ही जोडी सगळ्यात कमी कटकटीची. पेवाची खालची पानं ऑगस्टनंतर गळतात आणि खोड उघडं पडतं, तो उघडा भाग रानहळदीच्या पानांमागे झाकला जातो. दोन झाडांत एक फूट अंतर ठेवा.

रानहळदीचं पान गुंडाळलेलं दिसलं तर उलगडून बघा, आत हिरवट अळी असते. घरच्या हळदीवरही हीच येते. तिचं पुढे काळं-पांढरं छोटं फुलपाखरू होतं. शेतात हळद पिकवणाऱ्याची गोष्ट वेगळी. घरच्या वाफ्यात दहा पानांतली दोन तिला द्यायला हरकत नाही.

वाफ्याच्या अगदी कडेला कुली लावा. हिला कुणी कुलू म्हणतं, कुणी फोडशी. पहिल्या पावसात गवतासारखी हिरवी पाती वर येतात आणि त्यांची भाजी होते. भाजीला पाती कापलीत तरी मुळं ठेवा, पुन्हा फुटते. हिचीच बहीण सफेद मुसळी, जिच्या शास्त्रीय नावात चक्क बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिविलियानम. जिथे सावली जास्त तिथे काळी मुसळी बरी. वीतभर उंच, जमिनीलगत पिवळ्या चांदण्या. ती जागा पसरून भरत नाही, म्हणून सात-आठ रोपं एकत्र लावावी लागतात.

पहिल्या वर्षी हे सगळे कंद छोटे असतात आणि मधे बरीच माती उघडी राहते. तिथे रानतेरड्याचं मूठभर बी फेका. तेरडा वर्षायू आहे, दिवाळीपर्यंत संपतो, पण तेवढ्यात तणाला जागा देत नाही. गौरीच्या वेळी तो घरचाच मिळतो हा वरचा फायदा. फक्त लक्ष ठेवा. बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बी लांब उडतं. दुसऱ्या वर्षी शेकड्यानं रोपं उगवतील, त्यातली निम्म्याहून जास्त जुलैमध्येच उपटायची, नाहीतर रानहळद खाली गुदमरते.

आता चढणाऱ्यांकडे येऊ. इथे एकच नाव सर्वात शोभून दिसतं, कळलावी. पानाचं टोक बारीक होऊन तंतूसारखं वळतं आणि मिळेल त्याला वेढा घालतं. पेवाचं खोड तिला नेमकं पेलतं. फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं, मग पिवळं-तांबडं होतं आणि शेवटी पूर्ण लाल. एकाच वेलीवर तिन्ही रंग दिसतात. कोकणात गौरीच्या पूजेत ही फुलं असतात. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे आणि तिथे बियांसाठी तिची शेतीही होते.

पण कळलावी विषारी आहे, सगळीच, आणि कंद सर्वात जास्त. त्यातलं कोल्चिसिन जीवावर बेततं. रताळं किंवा कंदमूळ समजून खाल्ल्यानं माणसं दगावलेली आहेत. म्हणून माझा नियम सरळ आहे: ज्या वाफ्यातून कुली किंवा भारंगी खुडून घरात भाजीला जाते, त्या वाफ्यात कळलावी नको. भाजी हवी की कळलावी, एक काहीतरी ठरवा. घरात रांगतं मूल किंवा माती उकरणारं कुत्रं असेल तर प्रश्नच नाही, लावूच नका. लावायचीच असेल तर हातमोजे घाला. कंद नांगरासारखा दोन बाह्यांचा असतो, प्रत्येक बाहीच्या टोकाला एकच डोळा. ते टोक मोडलं की ती बाही वाया. दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवून लावा आणि जागी खूण करा.

कळलावी नको असेल तर पेवावर दुसरं काही चढवायच्या फंदात पडू नका. शतावरी आठवते, पण ती काटेरी आणि ताकदवान, पेवाला खाली ओढते. तिला कुंपणावर चढवा.

राहिलं तिसरं काम. डिसेंबरपासून मेपर्यंत वाफा रिकामा दिसतो आणि घरातली माणसं विचारू लागतात, ‘मेलं का सगळं?’ या दिवसांत उभं राहायला पिवळी कोरांटी, आबोली आणि मागच्या ओळीत अडुळसा. कोरांटी पाऊस सरता सरता फुलू लागते आणि थंडीभर फुलते. काटे असतात, पण पाण्याची तक्रार नसते. अडुळसा थंडीच्या शेवटाकडे पांढरा फुलतो आणि वर्षभर आडोसा देतो.

अडचण अशी की आबोलीला हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी लागतं आणि शेजारी झोपलेल्या पेवाला ते अजिबात नको. पाइप घेऊन सगळा वाफा भिजवलात तर आबोली खूश होईल आणि जूनमध्ये पेव वर येणार नाही. यावर तोडगा साधा आहे. सदाहरित झाडं वाफ्याच्या टोकांना लावा, प्रत्येकाला वेगळं आळं करा आणि तांब्यानं त्या आळ्यातच पाणी घाला. इतकं सांभाळायचं नसेल तर आबोली कुंडीत ठेवा आणि वाफ्यात फक्त कोरांटी लावा.

काही गोष्टी कितीही स्वस्त आणि फुलणाऱ्या असल्या तरी आणू नका. वेडेलिया, म्हणजे रस्त्यांच्या दुभाजकांवर दिसणारं पिवळ्या फुलांचं जमिनीवर पसरणारं रोप, दोन वर्षांत अख्खा वाफा गिळतं. केशरी कॉसमॉस आणि घाणेरीचंही तेच. तिन्ही बाहेरून आलेली आहेत आणि बागेचं कुंपण ओलांडून रानात जातात. जमिनीलगत पिवळी फुलंच हवी असतील तर ओलसर जागी देशी पिवळा माका लावून बघा.

एक नमुना वाफा

दहा फूट लांब, चार फूट रुंद, मागे भिंत. भिंतीपासून दीड फुटावर मागची ओळ. ज्या टोकाला ऊन जास्त त्या टोकापासून एक फुटावर एक भारंगी, मग चार फूट, साडेसहा फूट आणि नऊ फूट या खुणांवर तीन पेव. त्यांच्या पुढे, दोन पेवांच्या मधल्या जागेसमोर येतील अशा पाच रानहळदी. पुढच्या काठानं कुली, सावलीच्या टोकाला काळी मुसळी. उन्हाच्या टोकाला पुढच्या कोपऱ्यात एक कोरांटी. पहिल्या वर्षी मधल्या मातीत तेरडा. दिंडा या वाफ्यात बसत नाही, त्याला शेजारच्या झाडाखाली वेगळी जागा द्या.

बाल्कनीवाल्यांनी अठरा इंची कुंडीत किंवा ग्रोबॅगमध्ये एक पेव आणि कडेला दोन रानहळदी एवढंच करावं. उंची चार-पाच फुटांवर थांबेल. पावसाचं पाणी येत नसेल अशा बाल्कनीत जून ते ऑक्टोबर रोज पाणी घालावं लागेल आणि मग हळूहळू बंद करावं लागेल.

पावसाळ्यातली राखण

सर्वात मोठा शत्रू गोगलगाय, त्यातही मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय. पेवाचा आणि कुलीचा कोवळा कोंब ती एका रात्रीत साफ करते आणि आपल्याला वाटतं कंद उगवलाच नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्याभोवती टाका. रात्री त्यांच्याखाली गोगलगायी जमतात, पहाटे गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे घाला, उघड्या हातानं उचलू नका. वाफ्याभोवती चुन्याचा पट्टाही ओढतात, पण पाऊस लागून राहिला की तो वाहून जातो. गोणपाटाचा उपाय जास्त खात्रीचा.

दुसरी भीती कंदकुजीची. खोड पिवळं पडलं, ओढल्यावर अलगद हातात आलं आणि बुडाशी वास आला, तर तो कंद गेला. शेजारच्या कंदांना वाचवायला तो काढून फेका, तिथे पाणी का साचतंय ते बघून चर काढा आणि उरलेल्या मातीत शेणखतात मिसळलेला ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घाला.

पेव झुकायला लागलं तर प्रत्येक खोडाला काठी बांधत बसू नका. बेटाभोवती तीन बांबू रोवा आणि कमरेच्या उंचीवर सुतळीचा एक सैल वेढा घाला. पानं वाढली की सुतळी दिसतही नाही. हे काम जुलैच्या मध्यापर्यंत व्हायला हवं, पडलेलं खोड उभं करताना मोडतं.

पहिल्या वर्षी पेवाला दोन-तीन खोडं आली आणि फूल आलं नाही तर निराश होऊ नका. बहुतेक वेळा दुसऱ्या पावसात ते फुलतं. भारंगी तेवढी थांबत नाही.

पाऊस गेल्यावर

मुंबईतून मान्सून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. तिथून पुढे महिनाभर, पानं हिरवी असेपर्यंत, आठवड्यातून एक-दोनदा पाणी द्या. याच काळात कंद पुढच्या वर्षाचा साठा करतो. हिरवी खोडं सुंदर दिसत नाहीत म्हणून कापू नका. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करा आणि पूर्ण वाळली की बंद.

नवी झाडं करायची असतील तर ऑक्टोबरमध्येच, फुलून झालेलं एखादं हिरवं खोड घ्या. दोन-तीन पेरांचे तुकडे करा आणि ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये आडवे, अर्धे बुडतील असे ठेवा. सावलीत, दमट जागी. काही आठवड्यांत पेराशी कोंब दिसतील. ती रोपं पहिल्या उन्हाळ्यात कुंडीतच सांभाळा आणि त्यांना मात्र थोडं थोडं पाणी देत राहा, कारण त्यांच्याजवळ झोपण्याएवढा साठा नसतो.

वाळलेली खोडं जानेवारीत वीतभर ठेवून कापा. बुडखे मुद्दाम ठेवायचे, कुठे काय आहे ते त्यांच्यावरून कळतं. कुली, रानहळद आणि कळलावी काहीच माग ठेवत नाहीत, त्यांच्याजवळ दगड किंवा बांबूची खुंटी रोवा. मार्चमध्ये माळ्यानं मोकळी जागा बघून खणायला घेतली तर खुंटीच कंदांना वाचवते. कापलेली खोडं आणि पालापाचोळा वाफ्यावरच चार बोटं जाड पसरा. भारंगीला फेब्रुवारीत अर्ध्या फुटावर छाटा, मेच्या शेवटी नवे फुटवे दिसायला लागतील.

तिसऱ्या वर्षी मेमध्ये पेवाचं बेट उकरा. मधला भाग जुना आणि पोकळ झालेला असतो, तो खतात टाका. कडेचे टणक, डोळेवाले तुकडे घ्या, तीन परत लावा. उरलेले बरेच असतील. ते वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवा आणि जूनच्या आत वाटून टाका. देताना झोपेत पाणी घालू नका एवढं सांगून द्या, नाहीतर पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा मागायला येतील.